समजूतदार

मी चौदा वर्षांचा असताना मला किल्लीच्या आवाजावरून बाबांचा दिवस कसा गेला ते कळायचं. किल्ली पहिल्या झटक्यात लॅचमध्ये बसली आणि एकदाच फिरली की आज बरं आहे. दारावर खरडली, क्षणभर थांबली, परत खरडली की आज काहीतरी झालंय. मग चपला, म्हणजे काढून भिंतीशी नीट लावल्या की भिरकावल्या. मग बाथरूमचा नळ. नळ किती वेळ चालू राहतो हे मी मनातल्या मनात मोजायचो, कारण आकडा शंभरच्या पुढे गेला की त्या रात्री आईबाबांचं वाजणार हे जवळपास ठरलेलं असायचं. माझी कॉट बाहेरच्या खोलीत, दारापासून चार पावलांवर, त्यामुळे हे सगळं पुस्तकातून मान वर न करता ऐकू यायचं. मान मी वर करायचोच नाही. वाचतोय असं दाखवायचो, आणि तासभर पान तेच असायचं.

बाबांचा धंदा त्या वर्षी बसला होता. बाबा वाईट माणूस नव्हते हे मला आधीच लिहून टाकायचंय, त्यांनी आमच्यावर कधी हात उचलला नाही, व्यसन नाही, काही नाही. देणं झालं होतं, घेणेकरी त्यांना शोधत दारात यायला लागले होते, आणि बाबा बोलायचे बंद झाले होते, एवढंच. आता एवढंच म्हणतोय खरा, पण चौदाव्या वर्षी ते एवढंच नव्हतं, तेव्हा तेच सगळं घर होतं. आई बोलायची, म्हणजे भांडायची, आणि बाबा गप्प राहायचे, मग कधीतरी एकदम फुटायचे, मग दोन-तीन दिवस कुणीच कुणाशी बोलायचं नाही. भांडण कसं मिटलं, किंवा मिटलं का, हे आम्हा मुलांना कधी कळलंच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई बाबांना काहीतरी साधं विचारायची, 'लाईट बंद करू का' वगैरे, आणि त्यावरून आम्ही समजायचं की युद्ध संपलं.

खूप वर्षांनी, माझी मुलगी झाल्यावर, मी या विषयावर जे हाती लागेल ते वाचायला लागलो. २०१३ सालचं एक संशोधन वाचून मात्र लॅपटॉप मिटून नुसता बसून राहिलो होतो. ओरेगन विद्यापीठात ॲलिस ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा ते बारा महिन्यांच्या वीस बाळांचे एमआरआय काढले, बाळं झोपेत असताना, आणि त्याच वेळी त्यांच्या कानावर एका पुरुषाच्या आवाजातली अर्थहीन वाक्यं घातली, काही साध्या सुरात, काही आनंदी, काही रागावलेल्या. ज्या बाळांच्या घरात आईवडलांचे खटके जास्त उडत होते, त्यांच्या मेंदूतले भावना आणि ताण यांच्याशी संबंधित भाग त्या खूप चिडलेल्या सुराला जास्त जोराने प्रतिसाद देत होते. झोपेत! आणि आपण एकमेकांना काय सांगतो, हळू बोल, पोरं झोपलीत.

दुसरं सेथ पोलॅक यांचं काम. त्यांनी घरी मार खाल्लेल्या मुलांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आधी अगदी अस्पष्ट, मग हळूहळू स्पष्ट होत जाणारे, आणि विचारलं की हा माणूस कसा आहे, आनंदात, घाबरलेला, रागावलेला. राग ओळखायला या मुलांना इतरांपेक्षा कमी दिसलेलं पुरलं, फोटो अजून पुरता उमटलेला नसतानाच त्यांनी राग हेरला. मला कुणी मारलं नव्हतं, तरी ते वाचताना किल्लीचा आवाज कानात आला. शरीर जिथं राहतं तिथली भाषा शिकतं, आणि आमच्या घरची भाषा किल्ली, चपला, नळ अशी होती. मी ती पटकन शिकलो कारण शिकणं भागच होतं. पण माणसाचं लक्ष काही अमाप नसतं ना, कान दाराकडे लागलेला पोरगा भूमितीचं प्रमेय कुठल्या लक्षाने शिकणार. त्या वर्षी माझे मार्क घसरले तेव्हा सगळे म्हणाले वयच तसं आहे, या वयात पोरांचं लक्ष उडतं. माझं लक्ष उडालं नव्हतं, ते पूर्णवेळ कामाला लागलेलं होतं.

आता त्या शब्दाबद्दल, ज्यासाठी खरंतर हा लेख लिहायला बसलोय.

शाळेची सहल होती. सरांनी फॉर्म वाटले, मी तो चार घड्या घालून कंपासपेटीत ठेवला, करकटकाच्या खाली. घरी दिला नाही. रोज कंपास उघडली की त्याचा पांढरा कोपरा दिसायचा आणि मी पेटी बंद करायचो. शेवटच्या दिवशी सरांनी विचारलं, मी म्हटलं मला नाही जायचं, मला बस लागते. मला बस लागत नाही, कधीच लागली नाही. पुढे आईला कुणाकडून तरी सहलीचं कळलं आणि तिने माझ्या केसांतून हात फिरवत शेजारच्या काकूंना सांगितलं, 'बघा ना, परिस्थिती ओळखून मागितलेच नाहीत हो पैसे त्याने, किती समजूतदार आहे.' काकू म्हणाल्या, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं.

मला तेव्हा इतकं बरं वाटलं होतं की आजही ती जागा आठवते, मी कुठे उभा होतो, पायाखालची फरशी, सगळं. त्या घरात मला मिळत असलेली ती एकमेव चांगली गोष्ट होती, आणि ती कशी मिळवायची हे मला आता कळलं होतं. मागायचं नाही. रडायचं नाही. विचारायचं नाही. कुणाला टेन्शन होईल असं काही करायचं नाही. रोज सकाळी पोटात दुखायचं, तेही मी बरेच दिवस सांगितलं नाही, आणि सांगितल्यावर डॉक्टरांनी तपासलं तर काही सापडलं नाही. सापडणार कसं, पोटात काही नव्हतंच. मुलांना जे तोंडाने बोलता येत नाही ते पोट बोलतं, डोकं बोलतं, हे आज कुठलेही मुलांचे डॉक्टर सांगतील, पण आमच्याकडे निष्कर्ष असा निघाला की अभ्यासाचं टेन्शन घेतोय, मनाला फार लावून घेतो, समजूतदार आहे ना.

समजूतदार हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द आहे आणि मला त्याचा आता धसका बसतो. समज असलेला, समजून घेणारा. पण चौदा वर्षांच्या मुलाने समजून घ्यायचं कुणाला? त्याला कुणीतरी समजून घ्यायचं ते वय असतं. खोडकर मुलाकडे, उलट बोलणाऱ्या मुलीकडे सगळ्यांचं लक्ष जातं, त्यांच्यासाठी बैठका होतात, काका-मामा येऊन समजावतात, शाळेतून बोलावणं येतं. गप्प मुलाकडे कोण बघतो? तो तर घराची शोभा.

रात्री सगळं निजानीज झालं की आई माझ्या कॉटच्या कडेला येऊन बसायची. हळू आवाजात बोलायची. कुणाचं किती देणं आहे, बाबांनी कुणाला न विचारता कुठे सही केली, तिच्या माहेरी काय म्हणतात, लग्नाआधी तिला काय काय करायचं होतं. 'तुझ्यापाशी नाही बोलणार तर कुणापाशी बोलू रे मी,' असं म्हणायची. मला मोठं झाल्यासारखं वाटायचं आणि श्वास कोंडल्यासारखंही वाटायचं, दोन्ही एकदम. सकाळी बाबा समोर आले की त्यांच्याकडे बघवायचं नाही, कारण मला त्यांचं सगळं माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. बाबांशी नीट बोललो तर आईशी गद्दारी, आईची बाजू घेतली तर बाबा एकटे. या सगळ्याला मानसशास्त्रात नाव आहे, पॅरेंटिफिकेशन, म्हणजे मुलालाच घरातला पालक करून टाकणं. सत्तरच्या दशकापासून कुटुंबांबरोबर काम करणारे थेरपिस्ट त्याबद्दल लिहीत आलेत आणि त्यात ते दोन प्रकार करतात, एक म्हणजे घरकाम, धाकट्या भावंडांना सांभाळणं अशी हाताची कामं, आणि दुसरं म्हणजे मोठ्यांच्या मनाचं ओझं उचलणं. पहिल्याने मूल थकतं, पण त्याची जाणीव ठेवली, कौतुक केलं तर ते त्यातून ताठ उभंही राहतं. दुसरं जास्त आतवर जातं, कारण त्यातलं काम कधी पूर्णच होत नाही. भांडी घासून संपतात हो. आईचं दुःख चौदा वर्षांच्या मुलाने कितीही ऐकलं तरी संपत नाही, आणि त्याला वाटतं आपणच कमी पडतोय.

आईवर माझा राग नाही, खरंच नाही. तिला दुसरं कुणी नव्हतं. तेवढंच तर दुखतं.

माझी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आतल्या खोलीत आवाज चढायला लागले की मी तिला पाढे म्हणायला लावायचो, मोठ्याने. बे एके बे पासून सुरुवात, आणि आवाज जितका वर जाईल तितका पुढचा पाढा. माझ्या डोक्यात असं की तिला काही ऐकू जाऊ नये. दोन-तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं असेच गप्पा मारत होतो तेव्हा मी तिला विचारलं, तुला ते दिवस किती आठवतात गं. ती म्हणाली, 'भांडणं नाही आठवत फारशी, पण दादा, तू किती छळायचास रे मला, रात्री-बेरात्री पाढे काय म्हणायला लावायचास, मला भयंकर राग यायचा तुझा.' मी हसलो आणि मग मला रडू आलं, तिला कळेना काय झालं. एकाच छताखाली, त्याच आईबापांच्या पोटी, तिचं बालपण वेगळं आणि माझं वेगळं. लोक म्हणतात ना, दोघांना सारखंच वाढवलं, मग हा असा आणि ती तशी कशी? सारखं कुणीच कुणाला वाढवत नाही. घरावर संकट आलं तेव्हा एक आठ वर्षांची होती आणि एक चौदाचा, आणि मध्ये एक भाऊ आडवा उभा होता, एवढ्यानेही सगळं बदलतं.

बाबांचा धंदा आणि माझं पोट यांच्यामध्ये नेमकी तार कुठून कुठे गेली हे मला रँड काँगर यांचं काम वाचल्यावर समजलं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आयोवा राज्यात शेतीवर मोठं संकट आलं, कर्जं फिटेनात, पिढ्यानपिढ्यांच्या जमिनी गेल्या. काँगर आणि त्यांच्या गटाने १९८९ पासून तिथल्या ४५१ कुटुंबांना वर्षानुवर्षं भेटी दिल्या, प्रत्येक घरात एक सातवीतलं मूल होतं. त्यांना दिसलं ते असं, की पैसा गेला म्हणून मूल थेट कोमेजत नाही. आधी रोजची ओढाताण सुरू होते, त्याने आईबाप खचतात, चिडचिडे होतात, मग एकमेकांवर घसरतात, मग मुलांशी तुटक किंवा कडक वागायला लागतात, आणि ते मुलांपर्यंत पोचतं. म्हणजे संकट हे आईवडलांच्या नात्यातून, त्यांच्या सुरातून, त्यांच्या नजरेतून गाळून मुलांपर्यंत येतं. मला हे वाचून आधी वाईट वाटलं आणि मग एकदम सुटल्यासारखं झालं. कारण देणं फेडणं बाबांच्या हातात त्या वर्षी नव्हतं, पण ही जी मधली कडी आहे तिथे थोडं काहीतरी करता आलं असतं. कुणी त्यांना सांगितलं असतं तर. त्या दोघांना कोण सांगणार होतं म्हणा.

आणि हे सगळं नेमकं त्या वयात का इतकं लागतं? लहान मुलाला भीती वाटली की ते आईला जाऊन बिलगतं आणि शरीर खरोखर शांत होतं, हे मोजून बघितलेलं आहे. २०१० साली विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर यांनी सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावली, म्हणजे चांगलाच ताण दिला, आणि मग काहींना आईची मिठी मिळाली, काहींना फक्त फोनवर आईचा आवाज. दोन्हीकडे कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, उतरलं, आवाजाने जवळपास मिठीइतकंच काम केलं. नंतर त्यांनीच मेसेज लिहून बघितलं तर त्याचा उपयोग झाला नाही, आवाजच लागतो. मात्र मिनेसोटाला मेगन गनर यांच्या गटाने २०१५ मध्ये असाच प्रयोग नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर आणि पंधरा-सोळाच्या मुलांवर केला, तेव्हा छोट्यांना आईवडील सोबत असण्याचा फायदा झाला आणि मोठ्यांच्या कॉर्टिसॉलवर काही फरक पडला नाही. स्टॅनफर्डमध्ये २०२२ साली असंही दिसलं की साधारण तेराव्या वर्षापासून मुलांचा मेंदू आईच्या आवाजापेक्षा अनोळखी आवाजांकडे जास्त ओढला जायला लागतो.

म्हणजे बघा, एका बाजूला आईबापांचा आवाज आता पूर्वीसारखा शांत करत नाही. दुसऱ्या बाजूला आईबापांच्या भांडणाचा आवाज पूर्वीइतकाच, उलट जास्तच घाबरवतो, कारण आता त्याचा अर्थ कळतो, वेगळं होणं म्हणजे काय, घर जाणं म्हणजे काय. भावना उसळवणारे मेंदूतले भाग या वयात जोरात असतात आणि त्यांना आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो. जुनी ढाल सैल झालेली आणि नवी अजून तयार नाही, अशा मधल्याच जागी ते पोर उभं असतं. आपण बाहेरून बघतो तर दार लावून हेडफोन घालून बसलेलं दिसतं, आणि म्हणतो याला घराशी काही घेणं-देणं नाही.

गनर यांच्याच कामातली एक गोष्ट मी जपून ठेवलीय. अनाथाश्रमांत सुरुवातीची हलाखीची वर्षं काढून पुढे चांगल्या घरांत दत्तक गेलेली मुलं त्यांनी बघितली. अशा मुलांची ताणाला उत्तर देणारी यंत्रणा लहानपणी बोथट झालेली असते, ताण येतो पण शरीर पुरेसं जागंच होत नाही, आणि चांगल्या घरात वर्षानुवर्षं राहूनही ते तसंच राहतं. पण वयात येताना, त्या दोन-चार वर्षांत, ती यंत्रणा परत जुळते, इतर मुलांसारखी व्हायला लागते. हे २०१९ साली छापून आलं. म्हणजे हे वय जेवढं नाजूक तेवढंच ते पुन्हा मांडायचं वय आहे, घर नीट असेल तर. म्हणून चौदाव्या वर्षी मुलाकडे 'आता काय, व्हायचं ते होऊन गेलं' म्हणून पाठ फिरवणं मला फार मोठी चूक वाटते.

बाबांचं देणं पुढे फिटलं, सावकाश, आठ-नऊ वर्षं लागली. आता ते थकलेत, माझ्या मुलीशी तासन्‌तास पत्ते खेळतात. मध्ये एकदा ती माझ्याशी काहीतरी वाद घालून तणतणत निघून गेली आणि बाबा माझ्याकडे बघून अगदी मायेने म्हणाले, 'तू नाही रे कधी त्रास दिलास आम्हाला. तू कधी मोठा झालास ते कळलंच नाही.'

मी काही बोललो नाही. त्यांच्या दृष्टीने ते कौतुक होतं आणि मला ते कौतुक म्हणूनच घ्यायचं होतं. पण रात्री झोप लागली नाही. कळलंच नाही. मी मोठा होत असताना चार पावलांवर झोपत होतो आणि कळलंच नाही.

आता माझ्याबद्दल. माझी मुलगी आता चौदाची आहे. ती मला अरे-तुरे करते, मी बाबांना अजून अहो-जाहो करतो, यातच बरंच काही आलं. मी कधी आवाज चढवत नाही, घरात पैशाचं असं काही संकट नाही, आणि मला वाटायचं मी सगळं वेगळं केलंय. गेल्या वर्षी ऑफिसमध्ये वाईट काळ होता, लोक कमी करत होते, रोज एक नवी मीटिंग आणि रोज एक नवी भीती. एका रविवारी आम्ही असेच बसलो होतो आणि ती सहज म्हणाली, 'बाबा, तू गाडीतून उतरलास ना की दाराच्या आवाजावरून मला कळतं तुझा मूड कसा आहे ते.' तिला वाटलं ती काहीतरी गमतीचं सांगतेय.

माझ्या हातापायातलं बळ गेलं. तिला विचारलं, कसं काय गं? म्हणाली, 'दार हळू लागलं की डेंजर. जोरात लागलं की ठीक आहे.' म्हणजे मी चिडून दार आपटत नाही, मी स्वतःला आवरून अगदी हळू लावतो, आणि ती ते आवरणं ऐकते. तोपर्यंत मी समजत होतो की आपण काही बोललो नाही तर काही दिसत नाही. रेना रेपेटी यांनी ऐंशीच्या दशकात विमानतळावरच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलर मंडळींचा अभ्यास केला होता, ज्या दिवशी आकाशात गर्दी जास्त त्या दिवशी ही माणसं घरी येऊन आपल्या कोशात जायची, आणि ज्या दिवशी कामावर माणसांशी वाजलं त्या दिवशी घरी मुलांवर राग जास्त निघायचा. मी त्यातला पहिला. कोशात जाणारा. आणि त्या रविवारी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की घरी आल्यावर मी पहिलं काय करतो. बाथरूममध्ये जातो, नळ सोडतो, आणि बेसिनला हात टेकून उभा राहतो. हात धूत नाही. नुसता उभा राहतो, पाण्याचा आवाज चालू ठेवून.

बाबा शंभर आकड्यांच्या वर आत काय करायचे ते मला इतक्या वर्षांनी समजलं.

त्यानंतर मी घरी येऊन बोलायला लागलो. फार काही नाही. 'आज ऑफिसमध्ये वाईट दिवस होता, डोकं उठलंय, तुझ्यामुळे काही नाही, अर्धा तास दे मला.' एवढं एक वाक्य. सगळं पुराण तिच्यासमोर उलगडायचं नाही, कॉटच्या कडेला बसून तर नाहीच, ते मी जन्मात करणार नाही. ऑफिसमधलं काय झालं ते बायकोला, मित्राला. मुलीला एवढंच की काहीतरी आहे, त्याचं नाव हे आहे, ते तुझ्यामुळे नाही, आणि ते मोठी माणसं बघतायत. मुलाला न सांगणं आणि सगळं सांगणं या दोन्हींच्या मध्ये केवढी जागा असते, मला ती कुणी दाखवली नव्हती.

पण एवढ्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन महिन्यांपूर्वी एका रात्री माझं आणि बायकोचं जोराचं भांडण झालं, कारण सांगण्यात अर्थ नाही, दोघंही थकलेलो होतो आणि दोघंही नको ते बोललो. आम्ही मागाहून खोलीत बसून, उशिरापर्यंत बोलून, मिटवलं. आमच्यापुरतं संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर मुलीने अंथरूण घडी घालून ठेवलेलं. कुणी न सांगता. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या. संध्याकाळी टेबल आवरलेलं, मोबाईल बाजूला, आवाज हळू. तिच्या आईने काही विचारलं की 'हो आई'. मी काही विचारलं की 'चालेल ना, काहीच प्रॉब्लेम नाही'. दुसरा दिवस तसाच. बायको म्हणाली, 'बघ ना, किती समजूतदारपणे वागतेय दोन दिवस.'

तो शब्द ऐकला आणि माझ्या पोटात दुखलं, त्याच जागी, जिथं तेव्हा दुखायचं.

मी तिच्या खोलीत गेलो आणि जमिनीवर बसलो. म्हटलं, परवा रात्री आमचं भांडण झालं ते तू ऐकलंस. ती म्हणाली, 'थोडंसं.' म्हटलं, आम्ही नंतर बोललो, मी आईला सॉरी म्हटलं, तिनेही मला म्हटलं, ते मिटलंय, आम्ही वेगळे वगैरे होत नाही आहोत. हे तुला त्याच सकाळी सांगायला हवं होतं, माझं चुकलं. ती वहीत काहीतरी गिरवत होती. मान वर केली नाही. मला ते मान वर न करणं चांगलं ओळखीचं होतं. म्हटलं, आणि अजून एक, तुला बाटल्या भरायची गरज नाही. म्हणजे भर हवं तर, पण त्याने आमची भांडणं थांबत नाहीत आणि न भरल्याने सुरू होत नाहीत. तेव्हा पेन थांबलं. 'हं,' म्हणाली. मग थोड्या वेळाने, 'बाबा, तू जा ना आता, मला होमवर्क आहे.'

मार्क कमिंग्ज यांनी अनेक वर्षं मुलांना मोठ्यांची भांडणं दाखवून त्यांच्यावर काय परिणाम होतो ते बघितलंय. भांडण न मिटता अर्धवट राहिलं की मुलं अस्वस्थ राहतात, मिटलेलं दिसलं की अस्वस्थता पुष्कळ उतरते, आणि मिटणं बंद दाराआड झालं तरी नंतर मुलांना तसं सांगितलं तर त्याचाही फरक पडतो. आमच्या घरी बाबा आणि आई भांडले म्हणून मी तसा झालो असं मला आता वाटत नाही. सगळे भांडतात. एड ट्रॉनिक यांनी तान्ह्या बाळांना आणि त्यांच्या आयांना बारकाईने बघितलं तेव्हा त्यांना दिसलं की चांगल्या घरांतही आई आणि बाळ यांचे सूर जेमतेम तीस टक्के वेळ जुळलेले असतात, बाकी वेळ ते चुकतात आणि परत जुळवतात, चुकतात आणि जुळवतात. मला जुळवणं कधी दिसलं नाही. ते होत असेलही, रात्री, आतल्या खोलीत, हळू आवाजात. 'लाईट बंद करू का' च्या आधी नक्कीच काहीतरी झालेलं असणार. मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही, कारण मी समजूतदार होतो.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी तिचा चार्जर तिला न विचारता घेतला. एवढीशी गोष्ट. ती बाहेर आली, माझ्या हातात चार्जर बघितला आणि जी सुरू झाली, माझ्या वस्तूंना हात का लावतोस, तुला प्रायव्हसी म्हणजे काय कळतं का, तुम्ही सगळे असेच आहात, डोळ्यात पाणी, आवाज चढलेला, आणि मग खोलीत गेली आणि दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

मी आयुष्यात कधी दार आपटलं नाही. त्या वयात तर नाहीच, माझी हिंमतच नव्हती, आपटलेल्या दारानंतर घर जागेवर राहील याची खात्री मला नव्हती. मी चार्जर हातात धरून तिथेच उभा राहिलो. कॅलेंडर अजून हलत होतं. बायको आतून विचारत होती काय झालं, काय झालं, मी म्हटलं काही नाही अगं.

मग मी दारावर टकटक केलं आणि ती आतून ओरडली, 'काय आहे?'